बिनकागदाचं वाहन

परभणीहून जिंतूरकडं निघालं की वीसेक किलोमीटरवर झरी लागतं. तालुका परभणीच. पुढं बोरी, मग जिंतूर. या रस्त्यानं एसटी जाते, मालट्रक जातात, एमएच-२२ पाटीचे ट्रॅक्टर जातात. उसाच्या हंगामात त्या ट्रॅक्टरला मागं दोन-दोन ट्रॉल्या, आणि ट्रॉलीच्या पाठीला कधी लाल दिवा असतो, कधी नुसतं वाळलेलं वाढं लोंबत असतं. या सगळ्यांच्या डाव्या अंगाला, डांबर संपून मुरूम सुरू होतो त्या शिवेवर, सायकल चालते. शाळेतली पोर, दुधाचं कॅन अडकवलेला म्हातारा, शेतावर निघालेला सालगडी.

डांबरावरच्या प्रत्येक गाडीला कागद आहे. नोंदणी आहे, विमा आहे, पीयूसी आहे, चालवणाऱ्याच्या खिशात लायसन्स आहे (निदान असावं अशी अपेक्षा आहे). सायकलीला यातलं काहीच नाही. एके काळी पुण्यासारख्या शहरांत सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला घ्यावा लागे; तो नसला किंवा रात्री दिवा नसला की हवालदार अडवी. तोही गेला. आज सायकल हे आपल्या रस्त्यावरचं बिनकागदाचं वाहन आहे आणि ते चालवणारा माणूसही बऱ्याचदा बिनकागदाचाच. रोजंदारीला पावती नाही, दूध घातल्याचा हिशेब वहीच्या मागच्या पानावर.

म्हणून गाडीनं सायकलीला उडवलं की एका बाजूला कागद उभे राहतात आणि दुसऱ्या बाजूला वाकलेली रिंग. खरं तर मोटार वाहन कायदा सायकलवाल्याकडं लायसन्स मागत नाही, विमा मागत नाही. त्याच्या नजरेत तो ‘तिसरा पक्ष’ आहे, आणि प्रत्येक मोटारीला सक्तीचा विमा काढायला लावला आहे तो याच तिसऱ्या पक्षासाठी. पण हा हक्क हातात यायचा तर अपघात झाल्या दिवसापासून कागद उभा करावा लागतो. या लेखात सांगायचं आहे ते एवढंच. बाकीचं सगळं त्याचा तपशील.

समजा, झरीच्या शिवारात संध्याकाळी सहा-साडेसहाला शाळेतून घरी निघालेल्या मुलीला मागून जीपची धडक बसली. नाव-गाव नको, समजाच.

पहिली दहा मिनिटं गाव चांगलं वागतं. शेतातनं माणसं धावत येतात, कुणी ओढणीनं डोकं बांधतं, कुणी आईला फोन लावतं. मायेपोटी चुकाही याच दहा मिनिटांत होतात. पहिली चूक पाण्याची. लेकरू निपचित पडलंय म्हणून तोंडात पाणी ओततात. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या घशातलं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि पुढं शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर पोट रिकामं असलेलं बरं. ओठ ओले करायचेही नाहीत. दुसरी चूक उचलण्याची. दोघांनी काखेत आणि दोघांनी पायाला धरून उचललं की मान लोंबकळते. मणका दुखावला असेल तर हातापायांतली ताकद तिथंच जाऊ शकते. त्याहून वाईट म्हणजे मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून नेणं. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडकं दाबून धरावं, सारखं उघडून बघू नये. काही रुतलं असेल तर उपटू नये. श्वास चालू आहे ना हे बघत राहावं. हलवावंच लागलं तर डोकं, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून, फळीवर किंवा बाजेवर. बाज शेतात असतेच.

आणि १०८. ही रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून आहे. फोन करताना ‘लवकर या’ एवढंच न सांगता कोणत्या गावाच्या कोणत्या बाजूला, जवळ काय आहे, किती जण जखमी, शुद्धीवर आहेत का, हे सांगावं. पोलिसांसाठी ११२.

नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखा द्राव येणं, वारंवार उलट्या, एक बाहुली मोठी आणि एक लहान, बोलण्यात गोंधळ, नको तेव्हा येणारी झोप ही डोक्याच्या माराची लक्षणं. यातलं काही दिसलं तर सीटी स्कॅन असलेल्या ठिकाणीच न्यायचं, म्हणजे परभणीला. मेंदूच्या शस्त्रक्रियेची वेळ आली तर अनेकदा पुढं नांदेड. ‘काही नाही झालं, उठून बसली’ म्हणून घरी आणलेल्या लेकराला पुढचा एक दिवस आणि रात्र एकटं सोडू नये. डोक्यातला रक्तस्राव सावकाशही होतो.

आता अशाच वीस किलोमीटरांची एक जुनी गोष्ट. स्कूटरवरून जाणाऱ्या एका माणसाला वेगात आलेल्या मोटारीनं उडवलं. लोकांनी जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी हात लावला नाही. ही पोलीस केस आहे, अशा केसेस घेणारं रुग्णालय दुसरं आहे, तिकडं न्या म्हणाले. ते दुसरं रुग्णालय वीस किलोमीटरवर होतं. तिथं पोचण्याआधी माणूस गेला. ही बातमी वर्तमानपत्रात वाचून परमानंद कटारा नावाचे कार्यकर्ते सुप्रीम कोर्टात गेले आणि २८ ऑगस्ट १९८९ ला निकाल लागला: सरकारी असो की खासगी, प्रत्येक डॉक्टरनं जखमीला आधी वाचवायचं, पोलिसांचे सोपस्कार नंतर. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्येही डॉक्टरांचं हे कर्तव्य लिहिलेलं आहे. तेव्हा गावातल्या किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी रक्त थांबवून, हाड बांधून, सलाईन लावून मगच पुढं पाठवावं असा आग्रह धरण्यात गैर काही नाही. ‘ही केस आमची नाही’ हे वाक्य १९८९ मध्येच बेकायदा ठरलं आहे.

पण जीपवाला थांबला नाही आणि पाठीमागून येणारा दुसराच कुणी थांबला, तर त्याचं काय? परभणीच्या पलीकडं जाणारा माणूस सरळ निघून जातो, कारण त्याला दवाखान्याची नव्हे, साक्षीची भीती असते. २००७ साली शाळेतून चालत घरी निघालेला एक मुलगा रस्त्यावर असाच पडून राहिला आणि गेला. त्याचे नातेवाईक पीयूष तिवारी यांनी ‘सेव्हलाइफ फाउंडेशन’ काढली, तीच संस्था पुढं सुप्रीम कोर्टात गेली आणि मार्च २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांना संरक्षण मिळालं. २०१९ च्या दुरुस्तीनं ते कायद्यात कलम १३४-अ म्हणून आलं. जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. त्याला अडकवून ठेवता येत नाही. नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही. साक्ष द्यायची की नाही हे त्याच्या मनावर. गंभीर जखमीला पहिल्या तासात दवाखान्यात पोचवणाऱ्याला केंद्र सरकार बक्षीसही देतं. २०२१ मध्ये ते ५,००० रुपये होतं, २०२५ पासून ‘राहवीर’ या नावानं २५,००० झालं. बक्षिसासाठी कुणी थांबेल असं मला वाटत नाही. भीती गेली तरी पुष्कळ.

आता गाडी चालवणाऱ्याकडं वळू. तोही आपल्यातलाच असतो.

२८ फेब्रुवारी २०२४ ची पहाट. नवी मुंबईत नेरुळजवळ पाम बीच रस्त्यावर काही जण सायकली चालवत होते. त्यांतले एक अवतार सैनी, वय ६८, इंटेल कंपनीचे भारतातले माजी प्रमुख. ज्या ३८६ आणि ४८६ चिपवर एके काळी आपल्याकडचे पुष्कळ संगणक चालले, त्यांच्या घडणीत या माणसाचा हात होता. भरधाव टॅक्सीनं त्यांना उडवलं. टॅक्सीच्या पुढच्या चाकांखाली सायकलीची फ्रेम अडकली असतानाही चालकानं गाडी पळवायचा प्रयत्न केला, असं पोलिसांच्या हवाल्यानं तेव्हा छापून आलं. सोबतच्या सायकलस्वारांनी त्यांना रुग्णालयात नेलं, पण उपयोग झाला नाही. एवढ्या मोठ्या माणसाचा अपघात म्हणून दुसऱ्या दिवशी देशभर बातमी झाली. झरीजवळच्या मुरमावर तोच कायदा लागतो, कलमंही तीच. फरक एवढाच की तिथं सोबतचे सायकलस्वार नसतात.

चाकाखाली सायकल अडकलेली असताना माणूस गाडी का रेटतो? दारू, बेफिकिरी ही कारणं आहेतच. पण आमच्याकडं सर्वांत मोठं कारण म्हणजे जमाव. ‘थांबलो तर मारतील’ हे प्रत्येक ड्रायव्हर दुसऱ्याला शिकवतो, आणि ते खोटं नाही. कायद्यानंही ते मान्य केलं आहे. कलम १३४ म्हणतं: जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्या, जमावाच्या संतापामुळं किंवा हाताबाहेरच्या कारणामुळं ते शक्य नसेल तर गोष्ट वेगळी. मग जवळचं पोलीस ठाणं गाठा आणि लवकरात लवकर, २४ तासांच्या आत, अपघाताची माहिती द्या. विमा कंपनीलाही लेखी कळवा. हे न करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. थोडक्यात, मार चुकवायला निघून जाणं आणि गुन्हा लपवायला पळून जाणं यांत कायदा फरक करतो. पहिला माणूस निघून ठाण्यात जातो आणि वाटेत १०८ ला फोन करतो.

जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत पेट्रोल पंपांवर लागलेल्या रांगा आठवत असतील. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) नुसार जीवघेणा अपघात करून न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा होणार होती, म्हणून ट्रकचालकांनी संप केला होता. सरकारनं माघार घेतली. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा हे एक पोटकलम बाजूला ठेवलं गेलं. निष्काळजीपणानं मृत्यूला पाच वर्षांपर्यंत शिक्षा मात्र आहे. ड्रायव्हर लोकांना अजून वाटतं की ‘दहा वर्षांचा कायदा आलाय’, आणि त्या भीतीनं ते आणखी जोरात पळतात.

आता ‘मिटवणं’. झरीतच नाही, कुठल्याही गावात, रक्त सुकायच्या आत हे सुरू होतं. जीप बहुधा पंचक्रोशीतलीच असते. मालक येतो, सोबत चार वजनदार माणसं. ‘भाऊ, लेकरू वाचलं हे महत्त्वाचं. दवाखान्याचं मी बघतो. केस-बिस नको. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये.’ पाच-दहा हजार, फार तर पन्नास हजार, एका कोऱ्या कागदावर सही. मुलीचा बाप मान हलवतो, कारण उद्या त्याच मालकाच्या शेतावर कामाला जायचं असतं.

या मिटवामिटवीत पैसे वाचतात कुणाचे? गाडीला चालू विमा असेल तर भरपाई मालकाला खिशातनं सहसा द्यावी लागत नाही, ती विमा कंपनी देते. म्हणजे चार प्रतिष्ठित माणसं मधे पडून, संध्याकाळ खर्च करून, वाचवतात ती विमा कंपनीला. मालकाला खरी भीती असते ती गुन्ह्याची आणि गाडी ठाण्यात लागण्याची. पण फौजदारी गुन्हा आणि भरपाईचा दावा या वेगळ्या गोष्टी आहेत. दावा म्हणजे ड्रायव्हरवर सूड नव्हे. मालकाला तोंडावर सांगता येतं: ‘तुमच्याशी भांडण नाही मालक, तुमच्या विम्याशी काम आहे.’

किती फरक पडतो ते बघा. धरून चालू, ४४ वर्षांचा, महिना १२,००० कमावणारा, चार माणसं पोसणारा सायकलवाला अपघातात गेला. वर्षाची कमाई १,४४,०००. सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या प्रणय सेठी निकालानुसार पुढं वाढू शकणाऱ्या उत्पन्नासाठी २५ टक्के मिळवायचे, झाले १,८०,०००. त्यातून त्याचा स्वतःचा खर्च म्हणून पाव हिस्सा वजा, राहिले १,३५,०००. २००९ च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्यानुसार या वयाला गुणक १४. गुणाकार १८,९०,०००, अंत्यविधी वगैरेची रक्कम वेगळी. कोऱ्या कागदावरचे पन्नास हजार याच्या शेजारी मांडून बघावेत. उलट, चूक कुणाची हे सिद्ध करायचं नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख, असा आखूड रस्ताही आहे.

त्यासाठी लागतो कागद, आणि तो त्याच संध्याकाळपासून.

दवाखान्यात गेल्यावर ‘पडली’ असं सांगू नये. ‘जीपनं धडक दिली’ असं सांगावं आणि तसंच लिहून घ्यावं. पोलीस केस टाळायला सांगितलेलं हे एक ‘पडली’ तीन वर्षांनी विमा कंपनीचा वकील मोठ्यानं वाचून दाखवतो. गाडीचा नंबर चार जणांनी चार ठिकाणी लिहावा. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला की विम्याची मुदत दिसते. डांबरावरची काच, चाकांच्या घसरटीच्या खुणा, सायकल कुठं पडली, रस्त्याच्या कोणत्या बाजूला, या सगळ्याचे फोटो हलवाहलवीआधी काढावेत. सायकलवाला आडवा आला, चुकीच्या बाजूनं होता, हा बचाव ठरलेला असतो आणि त्याला उत्तर देतो तो घटनास्थळाचा पंचनामा. पंचनाम्याला घरचं माणूस हजर असावं.

सायकलीचं तर विचारूच नका. आपल्याकडं अपघातानंतर दुसऱ्या दिवशी सायकल दुकानात जाते. मिस्त्री चिमटा सरळ करतो, रिंगचा आऊट काढतो, नवं मडगार्ड बसवतो, आणि सायकलीसोबत पुरावाही दुरुस्त होऊन येतो. मागचं चाक चेपलं असेल तर धडक मागून बसली, हे ती सायकल एकटीच सांगत असते. पोलिसांनी बघेपर्यंत ती तशीच राहू द्यावी.

एफआयआरची प्रत फिर्याद देणाऱ्याला फुकट मिळते. ठाणेदारानं नोंद घेतली नाही तर टपालानं पोलीस अधीक्षकांना लिहावं, तिथंही नाही झालं तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडं जाता येतं. दवाखान्याच्या धावपळीत फिर्यादीला उशीर झाला म्हणून दावा बुडत नाही. २०११ मध्ये रवी विरुद्ध बद्रीनारायण खटल्यात सुप्रीम कोर्टानं तसं स्पष्ट म्हटलं आहे.

१ एप्रिल २०२२ पासून तर पुष्कळ काम पोलिसांवरच टाकलेलं आहे. ४८ तासांत मोटार अपघात दावा प्राधिकरणाला पहिला अहवाल. दहा दिवसांत जखमीच्या घरच्यांना त्यांच्या हक्कांचा छापील तक्ता. ९० दिवसांत सविस्तर अहवाल, आणि हाच अहवाल दावा म्हणून चालू शकतो. हे नमुने मागितले तर मिळतात, म्हणून मागावेत. स्वतः दावा करायचा तर कायद्यात सहा महिन्यांची मुदत लिहिलेली आहे. दावा अपघात झाला तिथं किंवा आपण राहतो तिथं करता येतो, म्हणजे झरीकरांना परभणी सोडायची गरज नाही. वकिलाची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण वकील देतं. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना उत्पन्नाची अटही नाही. फोन १५१००. दवाखान्याच्या दारात टक्केवारीवर केस मागणारे एजंट फिरतात, त्यांच्याकडं कोऱ्या वकीलपत्रावर सही करू नये.

उपचाराच्या पैशासाठी मे २०२५ पासून केंद्राची योजना आहे: मोटार वाहनानं झालेल्या अपघातातल्या जखमीला नेमलेल्या रुग्णालयात पहिल्या सात दिवसांसाठी दीड लाखापर्यंत उपचार विनारोकड. जखमी शेतकरी कुटुंबातला असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान आहे, मृत्यूला दोन लाख. शाळकरी मुलांसाठी राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा योजना आहे, ती मुख्याध्यापकांना विचारावी. विम्याचा दावा केला म्हणून या योजनांचे अर्ज अडकत नाहीत.

आणि गाडी सापडलीच नाही तर? अंधारात ट्रॉलीचा धक्का लागला, नंबर नाही, साक्षीदार नाही. गावाचं उत्तर असतं, ‘आता कुणाला धरणार?’ पण याच प्रसंगासाठी कलम १६१ आहे. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार. त्याआधी हे आकडे २५,००० आणि १२,५०० होते. अर्ज महसूल खात्याच्या अधिकाऱ्याकडं, म्हणजे तहसीलदार किंवा प्रांताकडं, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची. कोर्ट नाही, वकील नाही.

ही योजना किती जणांपर्यंत पोचली याचा हिशेब जानेवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टात मांडला गेला. कोर्टात गेले होते कोइंबतूरचे हाडांचे डॉक्टर एस. राजशेखरन. आयुष्यभर मोडलेली हाडं जोडून शेवटी त्यांनी रस्त्यावरच याचिका केली होती. देशात २०२२ या एका वर्षात ठोकून पळाल्याचे अपघात ६७,३८७ झाले होते. २०२२-२३ या आर्थिक वर्षात भरपाईसाठी अर्ज आले २०५. हजार अपघातांमागं तीन अर्ज. कोर्टानं हुकूम केला की वाहन सापडलं नाही तर या योजनेची माहिती जखमीला किंवा मृताच्या घरच्यांना पोलिसांनीच लेखी द्यावी. तुमच्या ओळखीच्या घरात असा कागद आला नसेल तर ठाण्यात जाऊन विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

दिवाळी अंक वाचून झाला की रद्दीत जातो. जाण्याआधी हे पान फाडून सायकल दुकानाच्या दारावर लावता आलं तर लावा. फोन नंबर तीनच आहेत: १०८, ११२, १५१००. आणि खाली मिस्त्रीसाठी एक ओळ, ठळक अक्षरात: वाकलेली सायकल हातात घेण्याआधी विचार, ‘फोटो काढले का? पोलिसांनी बघितली का?’